घाट, ट्रॅक आणि तापलेली डिस्क

घोटीचा टोलनाका ओलांडून मुंबईकडे निघालेल्या मालट्रकला इगतपुरीपर्यंत फारसा त्रास होत नाही. खरी परीक्षा पुढे, घाटनदेवीच्या देवळापाशी सुरू होते. तिथे पठार संपतं आणि कसारा घाट लागतो. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, कसारा साधारण त्याच्या निम्म्यावर. मधले तीनशे मीटर कसे उतरायचे, याचा एकच नियम या रस्त्यावरचे जुने ड्रायव्हर नव्या पोरांना सांगत आले आहेत : ज्या गिअरमध्ये घाट चढतोस, त्याच गिअरमध्ये उतर. न्यूट्रल मारून डिझेल वाचवू नकोस.

या नियमामागे साधं गणित आहे. २५ टन वजनाची गाडी ३०० मीटर खाली येते तेव्हा सुमारे ७३ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. दोन लिटर डिझेल पूर्ण जाळल्यावर जेवढी उष्णता निघेल, तेवढी ही आहे. गाडी खालच्या गिअरमध्ये असली, एक्झॉस्ट ब्रेक लावलेला असला, तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये मात्र जवळजवळ सगळी उष्णता ड्रम आणि लायनरवर येते. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. तापलेल्या लायनरची पकडही त्याच वेळी सुटत असते. पाय दाबलेलाच राहतो आणि गाडी वेग घेते. ‘घाटात ब्रेक फेल’ या मथळ्याच्या बातम्या नाशिककरांनी आयुष्यभर वाचल्या आहेत. त्यातल्या कित्येक गाड्यांच्या ब्रेकमध्ये काही तुटलेलं नसतं. ते फक्त भाजून निघालेले असतात.

रेल्वेला हा धडा फार लवकर शिकावा लागला. कसारा ते इगतपुरी हा याच घाटातला, म्हणजे थळ घाटातला, लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. त्याचा सर्वांत तीव्र चढ ३७ला १ असा आहे. वर चढताना गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. उतरताना गाडी हाताबाहेर गेली तर तिला मुख्य मार्गावरून बाजूला घेऊन चढावर थांबवणारी कॅच सायडिंग लागते. आज या घाटातून उतरणाऱ्या एलएचबी बनावटीच्या नव्या डब्यांखाली प्रत्येक आसावर दोन ब्रेक डिस्क असतात. घोटीच्या स्टेशनात उभं राहून समोरच्या डब्याखाली वाकून पाहिलं तर त्या दिसतात. दोन लोखंडी चकत्या, मध्ये हवेसाठी मोकळी जागा, दोन्ही बाजूंनी पॅड. स्विफ्ट किंवा पोलोच्या पुढच्या चाकात हीच रचना लहान आकारात बसवलेली असते.

आता त्या लहान गाडीकडे येऊ. गेल्या काही वर्षांत नाशिक, मुंबई, पुण्याची बरीच हौशी मंडळी स्वतःची गाडी घेऊन रेसिंग ट्रॅकवर जाऊ लागली आहेत. महाराष्ट्रात त्यासाठी जागा थोड्या आहेत. तळेगावजवळ नानोलीचा ट्रॅक आहे. कोल्हापूरला मोहितेंच्या रेसिंग अकादमीत कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि तिथून पुढे गेलेल्या मुलांनी राष्ट्रीय शर्यती गाजवल्या आहेत. मोठं सर्किट हवं असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला किंवा दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटला जावं लागतं. पुण्याच्या डायना पुंडोळे २०२४ साली राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत विजेत्या ठरल्या, भारतात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांनाही आपली कसोटी चेन्नईच्या डांबरावरच द्यावी लागली. तेव्हा चाकणला बनणाऱ्या पोलोची स्वतंत्र शर्यतमालिका २०१० साली सुरू झाली, तीही खेळली गेली महाराष्ट्राबाहेरच्या सर्किटांवर.

पहिल्यांदा ट्रॅकवर गेलेल्या माणसाला घरी परतताना बहुतेकदा एकाच गोष्टीचा धक्का बसतो. रस्त्यावर तीस-चाळीस हजार किलोमीटर चालणारे पुढचे पॅड एका दिवसात निम्मे झालेले असतात. काहींचे तर पत्र्यापर्यंत पोचलेले असतात. गॅरेजात गेल्यावर पहिला सल्ला मिळतो तो ‘पॅड भारी टाका’. हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. पॅड झिजतो हे खरं असलं तरी तो किती झिजेल हे मोठ्या प्रमाणात त्याच्यासमोर फिरणारी डिस्क ठरवते. या लेखात मुख्यतः सांगायचं आहे ते हेच.

घाटाचंच गणित इथे लावून पाहू. चालकासह १२०० किलोची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर आणायची, तर सुमारे ०.८९ मेगाज्यूल ऊर्जा काढून टाकावी लागते. वेग निम्मा झाला तरी ऊर्जा तीन चतुर्थांश जाते, कारण ती वेगाच्या वर्गाबरोबर वाढते. समजा एका फेरीत असे पाच जोरदार ब्रेक लागले. एकूण झाले ४.४ मेगाज्यूल, दोन मिनिटांच्या आसपास. हीच गाडी कसारा घाट उतरली तर सगळ्या घाटात मिळून साडेतीन मेगाज्यूल होतात. म्हणजे ट्रॅकवरची प्रत्येक फेरी ब्रेकच्या दृष्टीने अख्ख्या घाटापेक्षा जड. वीस मिनिटांच्या एका सत्रात अशा दहा फेऱ्या होतात. आणि इथे इंजिनाच्या ब्रेकची फारशी मदत नसते, कारण सगळा खेळ अडीच सेकंदांत उरकायचा असतो. हवेचा आणि टायरचा विरोध थोडं काम करतो, बाकी सगळं डिस्कच्या अंगावर.

त्या अडीच सेकंदांत डिस्ककडे उष्णता बाहेर टाकायला वेळच नसतो. ती फक्त साठवू शकते. म्हणून पहिला प्रश्न वजनाचा. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे सुमारे सत्तर टक्के काम पुढची दोन चाकं करतात. प्रत्येक पुढच्या डिस्कच्या वाट्याला साधारण ०.३१ मेगाज्यूल येतात. डिस्क ७ किलोची असेल तर एका ब्रेकमध्ये तिचं तापमान ९० अंशांच्या आसपास चढतं. १० किलोची असेल तर साठ-बासष्ट अंश. ५ किलोची पातळ, भरीव चकती असेल तर सव्वाशेच्या जवळ. पुढचं वळण येईपर्यंत यातली थोडी उष्णता निघून जाते, मग पुन्हा भर पडते. काही फेऱ्यांनी एक पातळी येते जिथे आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता सारखी होते. ती पातळी चारशे अंशांवर स्थिरावते की सातशेवर, यावर पॅडचं आयुष्य ठरतं.

कारण पॅडची झीज तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. साध्या रस्त्याच्या पॅडमधले तंतू, धातूचा भुगा, ग्राफाइट आणि इतर पदार्थ फिनॉलिक रेझिनने एकत्र धरलेले असतात. साधारण तीनशे ते चारशे अंशांच्या दरम्यान हे रेझिन सुटायला लागतं. त्यातून वायू निघतो, पॅडचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि प्रत्येक ब्रेकला त्याचे पापुद्र्यासारखे थर निघतात. ट्रॅकचे पॅड याहून बरंच जास्त तापमान सोसतात, पण त्यांनाही मर्यादा असतेच. शिवाय ते थंड असताना नीट धरत नाहीत आणि डिस्कलाही जास्त खातात. नाशिक-मुंबई रोज जाणाऱ्या गाडीत ते कायमचे ठेवणं शहाणपणाचं नाही. डिस्क शंभर अंशांनी थंड ठेवता आली, तर पॅड बदलण्यापेक्षा मोठा फरक पडू शकतो.

डिस्क थंड कशी ठेवायची, याचं उत्तर कोल्हापूरच्या पंपाच्या कारखान्यात काम केलेल्या कोणालाही पटकन कळेल. दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये पाती असलेली व्हेंटिलेटेड डिस्क म्हणजे विहिरीवरच्या सेंट्रिफ्युगल पंपाचा इंपेलरच. फक्त ती पाण्याऐवजी हवा ओढते. फिरू लागली की मधल्या भोकापासून हवा आत घेते, पात्यांमधून बाहेर फेकते आणि जाताना उष्णता नेते. पाती सरळ, केंद्रापासून त्रिज्येवर असली तरी हे काम होतं, आणि अशी डिस्क डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना चालते म्हणून स्वस्त पडते. वाकड्या पात्यांची डिस्क जास्त हवा ओढते, पण तिची दिशा पाळावी लागते. गाडी पुढे जाताना पात्याचं आतलं टोक पुढे आणि बाहेरचं टोक मागे रेंगाळलेलं हवं.

इथे एक चूक सर्रास होते. डिस्कच्या पृष्ठभागावर खाचा पाडलेल्या असतात आणि लोक त्यांच्या तिरकसपणावरून डावी-उजवी बाजू ठरवतात. खाचांच्या दिशेचा हवेशी काही संबंध नाही. कित्येक डिस्कवर खाचा एका दिशेला आणि आतली पाती उलट दिशेला झुकलेली असतात. बाजू ठरवायची असेल तर कडेच्या फटीतून टॉर्च मारून आतली पाती पाहावी. उलटी बसवलेली डिस्क डोळ्यांना अगदी ठीक दिसते, पंखा म्हणून मात्र दुबळी पडते.

हवेच्या पाइपबद्दलही अशीच चूक होते. पुढच्या बंपरमधून चाकापर्यंत नळी आणणं हा ट्रॅकसाठीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. पण नळीचं तोंड डिस्कच्या सपाट बाजूवर रोखलं तर एकच बाजू थंड होते, दुसरी तापलेली राहते. मग आतला आणि बाहेरचा पॅड वेगवेगळ्या वेगाने झिजतात, आणि दोन चकत्यांमधल्या तापमानाच्या फरकाने डिस्कला तडे जातात. नळी मधल्या भोकाकडे रोखायला हवी, जिथून डिस्क स्वतःच हवा ओढत असते.

आता दिखाऊ भागाकडे, म्हणजे भोकं आणि खाचांकडे. डिस्कला आरपार भोकं पाडण्याचा एक जुना हेतू पॅडमधून निघणाऱ्या वायूला वाट करून देणं हा होता. आजच्या पॅडमधून वायू कमी निघतो. भोकांमुळे वजन कमी होतं, पावसात पहिला ब्रेक चटकन धरतो, आणि गाडी देखणी दिसते. ट्रॅकवर मात्र भोकांची किंमत मोजावी लागते. जितकं लोखंड काढलं तितकी उष्णता साठवायची जागा गेली. शिवाय प्रत्येक भोकाच्या काठावर ताण एकवटतो. तापणं-थंडावणं वारंवार झालं की त्या काठापासून केसाएवढे तडे निघतात, आणि दोन भोकांमधले तडे एकमेकांना भेटले की डिस्क फेकून द्यावी लागते. भोकांच्या डिस्क ज्या महागड्या गाड्यांवर कारखान्यातूनच येतात, त्या गाड्यांचे मालकही नेमाने ट्रॅकवर जायला लागले की खाचांच्या डिस्क बसवतात.

खाचा वेगळं काम करतात. तापलेल्या पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, त्याला गॅरेजात ‘ग्लेज झाला’ म्हणतात. खाचेची कड त्यावरून जाताना हा थर खरवडते, धूळ आणि वायू बाहेर काढते, आणि पकड टिकून राहते. पण खरवडणं म्हणजेच झीज. खाचा जितक्या जास्त आणि कड जितकी धारदार, तितका पॅड लवकर संपतो. म्हणून ब्रिटनच्या एपी रेसिंगसारख्या कंपन्या खाचांचे आकार बारकाईने ठरवतात. त्यांचा ‘जे-हुक’ नमुना चांगला पकडतो म्हणून प्रसिद्ध आहे, पण तो वापरणाऱ्याने पॅडचा खर्च जास्त धरलेला बरा. भारतातल्या हौशी ड्रायव्हरला एकच डिस्क निवडायची असेल, तर ती साधी, पुरेशी जाड, जास्त कार्बनच्या बिडाची, चांगल्या पात्यांची असावी. खाचा त्यानंतर. भोकं शेवटी, खरं तर नकोतच.

बिडाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण महाराष्ट्राचा याच्याशी जवळचा संबंध आहे. ब्रेक डिस्कसाठी वापरतात ते ग्रे कास्ट आयर्न, म्हणजे करडं बीड. त्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो आणि तो ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता झपाट्याने वाहून नेतात आणि कंप शोषून घेतात. स्टेनलेस स्टील बिडाच्या निम्म्यानेही उष्णता वाहत नाही. तरी मोटरसायकलच्या डिस्क स्टेनलेसच्या असतात, कारण त्या उघड्यावर असतात, गंजलेल्या दिसून चालत नाहीत, आणि दोन्ही बाजूंनी वारा लागत असल्याने चार-पाच मिलिमीटरची एकच चकती पुरते. या चकत्या आणि त्यांच्यावर पॅड दाबणारे कॅलिपर छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये एन्ड्युरन्स कंपनी बनवते, आणि पुण्यात ब्रेम्बो. या इटालियन कंपनीने भारतासारख्या बाजारांतल्या लहान-मध्यम मोटरसायकलींसाठी ‘बायब्रे’ हे वेगळं नाव काढलं. २०२० साली एन्ड्युरन्सने ग्रिमेका ही इटलीतली ब्रेक बनवणारी कंपनी विकत घेतली. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत बिडाचे ओतीव भाग रोज ओतले जातात. बिडाचा पोत, पापुद्र्यांची लांबी, ओतल्यावर थंड करण्याचा वेग, हे तिथल्या कारागिराचं रोजचं काम आहे. ट्रॅकवरच्या माणसाला हे कौशल्य दिसत नाही, पण त्याचे पॅड किती टिकतात हे काही अंशी तिथेच ठरलेलं असतं.

हेच बीड सहाशे-सातशे अंशांच्या वर गेलं की बिघडतं. जिथे पॅडचा थर डिस्कवर विषम चिकटतो, तिथे जास्त घर्षण, जास्त उष्णता. त्या डागांवर बिडातला कार्बन लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट तयार होतं. हे डाग निळसर-काळे दिसतात आणि आजूबाजूपेक्षा खूप कठीण असतात. पॅड त्यांच्यावरून जाताना ओरबाडला जातो आणि पेडल पायाखाली थरथरू लागतं. लोक म्हणतात, ‘डिस्क वाकली’. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. जाडीत पंधरा-वीस मायक्रॉनचा फरक पडला तरी पायाला थरथर जाणवते. मग डिस्क लेथवर मारून घेतात. वरचा डाग जातो, पण सिमेंटाइट खोलवर उतरलेलं असतं. थोड्याच दिवसांत ते पुन्हा वर येतं. अशी डिस्क बदलणंच बरं.

लेथवर मारण्याचा आणखी एक तोटा आहे, त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर ‘मिन टीएच’ आणि एक आकडा कोरलेला असतो. ही कमीत कमी जाडी. समजा डिस्क २२ मिलिमीटरची आहे, दोन्ही बाजूच्या चकत्या सात-सात मिलिमीटरच्या आणि मधली मोकळी जागा आठ. डिस्क २० वर आली म्हणजे चकत्यांचं चौदापैकी दोन मिलिमीटर लोखंड गेलं. उष्णता साठवणाऱ्या लोखंडाचा सातवा भाग कमी झाला. रस्त्यावर हे जाणवत नाही. ट्रॅकवर हीच डिस्क प्रत्येक ब्रेकला जास्त तापते आणि तेच पॅड आधीपेक्षा लवकर संपतात. पॅडच्या कंपनीला दोष दिला जातो, आणि गुन्हेगार डिस्क मोकळी सुटते.

तापलेली डिस्क फुगते हेही विसरून चालत नाही. ३३० मिलिमीटर व्यासाची डिस्क सहाशे अंशांवर गेली की तिचा व्यास सुमारे दोन मिलिमीटरने वाढतो. एकसंध ओतलेल्या डिस्कमध्ये मधली टोपी, जी हबला बोल्टने जोडलेली असते, तितकी तापत नाही. म्हणून बाहेरची चकती मोकळी फुगू शकत नाही. ती किंचित शंकूसारखी कलते. मग एका बाजूचा पॅड बाहेरच्या कडेला आणि दुसऱ्या बाजूचा आतल्या कडेला जास्त दाबतो. दोन्ही तिरपे झिजतात. टोपी कोणत्या चकतीला जोडायची, आतल्या की बाहेरच्या, यावरही हे कलणं कमी-जास्त होतं. शर्यतीच्या गाड्यांत याचा पूर्ण बंदोबस्त केलेला असतो. टोपी ॲल्युमिनियमची, चकती बिडाची, आणि दोन्ही बॉबिननी अशा जोडलेल्या की चकतीला फुगायला जागा राहते. याला फ्लोटिंग डिस्क म्हणतात. वजन वाचतं हा तिचा गाजवला जाणारा गुण, पण पॅड सरळ झिजतो हा रोजच्या उपयोगाचा गुण.

डिस्क किती मोठी हवी, हे रॅलीत दिसतं. नाशिकमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेतली ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ होत आली आहे, त्यामुळे मातीच्या वाटांवर धावणाऱ्या गाड्या इथल्या लोकांनी जवळून पाहिल्या आहेत. जागतिक रॅलीतली एकच गाडी मातीवर ३०० मिलिमीटरच्या आसपासची पुढची डिस्क वापरते आणि डांबरावर साडेतीनशेच्या पुढची. मातीवर टायरची पकड कमी असल्याने ब्रेकचा जोरही कमी लागतो, आणि लहान रिमवर जाड टायर बसतो. डांबरावर पकड वाढली की उष्णता वाढते, मग डिस्कही मोठी लागते. व्यास मोठा झाला की कॅलिपरला तेवढ्याच कामासाठी कमी दाबावं लागतं, हाही फायदा.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याचे पॅड तांब्याचे होते आणि ते भयंकर किंचाळत. खरी प्रतिष्ठा मिळाली ती १९५३ साली. ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डनलॉपच्या डिस्क ब्रेकची जॅग्वार सी-टाइप जिंकून आणली. तिथला लांब सरळ रस्ता संपताना ड्रम ब्रेकच्या गाड्यांना आधीच ब्रेक लावायला लागायचे. जॅग्वार पुढपर्यंत पूर्ण वेगाने जाऊन मग थांबायची, आणि रात्र उलटल्यावरही तिचा ब्रेक तसाच लागायचा. दोन वर्षांनी मर्सिडीजने ड्रमच ठेवून मागे हवेचा विरोध करणारा मोठा पत्रा उघडण्याची सोय केली. ड्रमची मर्यादा त्यांनाही ठाऊक होती.

फॉर्म्युला वनमध्ये बीडच नसतं. तिथे डिस्क आणि पॅड दोन्ही कार्बनचे. चारशे अंशांच्या खाली ते नीट धरत नाहीत आणि हजारापर्यंत काम करतात. २०११ ते २०१३ या वर्षांत बुद्ध सर्किटवर भारतीय ग्रांप्री झाली तेव्हा या डिस्क २८ मिलिमीटर जाड होत्या, २०१७ साली त्या ३२ झाल्या. त्यांना भोकं असतात, पण सपाट बाजूवर नाही, तर जाडीतून केंद्राकडून बाहेर जाणारी. एकेका डिस्कमध्ये हजारावर भोकं. तिथला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून उडून जातो, म्हणून डिस्क आणि पॅड दोन्ही बरोबरच झिजतात.

रस्त्यावरच्या डिस्कमध्येही मोठा बदल येऊ घातला आहे, आणि त्याचं कारण वेग नव्हे, धूळ आहे. युरोपच्या नव्या युरो ७ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीवर मर्यादा घातली आहे : बहुतेक गाड्यांना दर किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, विजेवरच्या गाड्यांना ३. ब्रेकच्या धुळीत डिस्कच्या बिडाचाही मोठा वाटा असतो. म्हणून बिडावर कठीण धातूचा थर चढवायचे प्रयोग चालू आहेत. पोर्शेने २०१७ सालीच टंगस्टन कार्बाइडचा थर दिलेली डिस्क बाजारात आणली. अशी डिस्क फार हळू झिजते, पण तिच्यासाठी पॅडचं मिश्रणही वेगळं लागतं. भारतात हे आलं की पुण्या-संभाजीनगरच्या कारखान्यांना डिस्क आणि पॅडचा पुन्हा एकत्र विचार करावा लागेल. ब्रेकवरचा भार हलका करायला रेल्वेने वेगळी वाट धरली आहे. डब्ल्यूएजी-९ सारखी विजेवरची इंजिनं उतारावर मोटरचा जनरेटर करून वीज तारेत परत पाठवतात. डिस्क आणि ब्रेकच्या ठोकळ्यांना तेवढी विश्रांती मिळते. इकडे रस्त्यावर, समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि इगतपुरीजवळच्या लांब बोगद्यामुळे अनेक गाड्यांचा कसारा घाट चुकला. पण उंचीचा फरक तोच राहतो. ती ऊर्जा बोगद्यातही कुठेतरी जिरवावीच लागते.

आता पुन्हा ट्रॅककडे. तिथे जाणाऱ्याने करण्यासारखं एक काम फार महाग नाही. सत्र संपवताना शेवटची फेरी ब्रेक न लावता सावकाश मारावी. पिटमध्ये उभं राहून हँडब्रेक ओढू नये, पेडल दाबून धरू नये. तापलेला पॅड एकाच जागी दाबला गेला की त्याची छाप डिस्कवर उमटते, आणि थरथरीची सुरुवात तिथूनच होते. गाडी पूर्ण थंड झाल्यावर चाक काढून पॅड बाहेर घ्यावा.

काढलेला पॅड हातात धरला की तो बरंच काही सांगतो. दोन्ही टोकं व्हर्निअरने मोजावीत. डिस्क ज्या टोकाकडून आत शिरते, ते टोक जास्त झिजलेलं असेल तर कॅलिपरमध्ये दाब सारखा पडत नाही. म्हणूनच शर्यतीच्या कॅलिपरमध्ये पिस्टनचे आकार लहान-मोठे ठेवतात. वरची कड, म्हणजे डिस्कच्या बाहेरच्या बाजूची, जास्त झिजली असेल तर डिस्क कलते आहे किंवा कॅलिपर उघडतो आहे. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच पातळ असेल तर स्लायडिंग पिन जाम झालेली असते, नाहीतर हवेची नळी चुकीच्या जागी रोखलेली असते. पॅडच्या कडा पांढरट, भुरभुरीत झाल्या असतील तर तापमान त्याच्या मर्यादेबाहेर गेलं आहे, आणि तो पॅड कितीही जाड राहिलेला असला तरी त्यावर पुढचं सत्र काढू नये. डिस्कवर केसाएवढे तडे असतील तर हरकत नाही. तडा कडेपर्यंत किंवा भोकापर्यंत पोचला असेल, किंवा नखाला लागत असेल, तर ती डिस्क त्याच दिवशी उतरवावी.

हे मोजमाप वहीत लिहून ठेवलं तर खर्चाचा क्रमही आपोआप ठरतो. दोन्ही पॅड सरळ आणि सारखे झिजले असतील, फक्त फार लवकर, तर आधी हवेची नळी, मग जाड आणि ताजी डिस्क, मग ट्रॅकचा पॅड. पॅड तिरपे झिजत असतील तर फ्लोटिंग डिस्क किंवा कॅलिपरची दुरुस्ती, कारण महागडा पॅडही तिरपाच झिजणार. ब्रेक ऑइल वेगळं बघावं. नवं डॉट ३ तेल किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ हे किमान २३० ला, आणि पाणी शोषलं की डॉट ४ सुद्धा १५५ वर उकळू शकतं. पॅड पातळ झाला की तापलेल्या डिस्कची उष्णता पिस्टनमधून थेट या तेलापर्यंत जाते. म्हणून ट्रॅकसाठी पॅड निम्मा झाला की तो संपला असं धरतात, अर्धी जाडी शिल्लक असली तरी.